सखाराममास्तर आणि मागे बसणारी होडी

सखाराममास्तर पहिल्यांदा आमच्या ओटीसमोर येऊन उभे राहिले, तेव्हा माझ्या थोरल्या भावाला, विष्णूला, जाऊन पंधरा दिवस झाले होते. कार्तिक संपत आला होता. मास्तर सकाळी कर्जतहून पायी निघाले होते आणि ऊन चांगले चढल्यावर कुंभिवलीत पोहोचले होते. त्यांच्या खांद्यावर उपरणे होते आणि हातात एक लहानशी पिशवी. ओटीवर पाय न ठेवता ते मला म्हणाले, "मी कर्जतचा सखाराम. सुतारकामाचा वर्ग चालवतो. तुमच्या भावानं बांधलेली होडी मला पाहायची आहे. तुमची हरकत असेल तर इथूनच परत जातो."

मी काही बोलण्याआधी आतून बाबांचा आवाज आला, "काय बघायचंय त्यात? जाळा म्हणावं."

मास्तरांनी आतल्या बाजूला हात जोडले. बाबा त्यांना दिसत नव्हते, तरी जोडले. मी चप्पल घातली आणि त्यांना नदीवर घेऊन गेलो.

मास्तरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेले अनेक जण लिहिणार आहेत. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. मी सुताराच्या घरात जन्मलो, पण शाळामास्तर झालो. लिहिण्याची मला सवय नाही. तरीही मला लिहायला सांगितले गेले आणि मी हो म्हटले. त्याचे कारण शेवटी येईल.

आमचे घराणे घरे बांधणाऱ्या सुतारांचे. खालापूरपासून कडावपर्यंत बाबांनी उभी केलेली घरे आजही आहेत. विष्णूदादा त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्याचा हात बाबांपेक्षा बारीक होता, असे बाबाच चारचौघांत म्हणत. त्या वर्षी पाताळगंगेवरच्या हरी भोयाची जुनी डोण कुजली. डोण म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी. तेवढा ओंडका आता कोणाला मिळेना, म्हणून हरीने दादाला फळ्यांची होडी बांधायला सांगितले. मोठी लढाई चालू होती आणि साग मिळेनासा झाला होता. दादाने ऐनाच्या अकरा फळ्या घेतल्या. तळाला पाच आणि दोन्ही अंगांना तीन-तीन. होडी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बांधली.

ती पाण्यात सोडली त्या दिवशी मी काठावर होतो. होडीचे पुढचे टोक, ज्याला नाळ म्हणतात, ते वर उचललेले राहिले आणि मागची बाजू खाली बसली. हरी हसला. "सुतारदादा, होडी उकिडवी बसली रं! पाठीला पाट द्यावा काय तिला?"

दादाही हसला, पण ते त्याला लागले. त्याने सगळे सांधे पुन्हा काथ्या आणि डांबर घालून बंद केले. होडी तशीच बसली. मग त्याने बसायची फळी पुढे सरकवली. तरीही तसेच. शेवटी त्याने नाळेत एक मोठा दगड बांधला. होडी सरळ झाली, पण सगळीच पाण्यात खोल गेली. हरी म्हणाला, "आता राहू दे, दादा. मी घेतो सांभाळून." दादा म्हणाला, "जाळं ओढताना कशी वागते ते बघू दे आधी मला." तो एकटाच ती घेऊन डोहात गेला. मागे बसून त्याने जाळे ओढले तेव्हा कडेवरून पाणी आत आले. दगडामुळे होडी वर आली नाही आणि दादाचा पाय जाळ्यात अडकला. हरीने उडी घेतली. तो पोहोचला तेव्हा उशीर झाला होता.

याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

बाबांनी त्यानंतर दादाचे नाव घेतले नाही. सुतारांमध्ये एक नियम आहे. उभ्या लाकडाचा बुडखा, म्हणजे मुळाकडचे टोक, जमिनीकडे ठेवायचा आणि आडव्या लाकडाचा घराच्या मागल्या अंगाला. झाड जसे वाढले तसेच ते घरात राहिले पाहिजे. लाकूड उलटे घातले तर कर्ता माणूस जातो, असे आमच्यात मानतात. बाबा मला एवढेच म्हणाले, "कुठंतरी उलटं लाकूड घातलं त्यानं. मी इतकी वर्षं सांगत आलो ते विसरला." त्यांनी दादाची हत्यारे गोठ्यात नेऊन टाकली. भावजय माहेरी गेली होती. मुलगा गेल्याच्या दुःखापेक्षा त्याने आपले शिकवणे मोडले, हे बाबांना जास्त जाळत होते. 

नदीवर होडी करंजाच्या झाडाखाली पालथी पडली होती. हरी आणि त्याची बायको तुळसा, दोघेही तिथे होती. मला नंतर कळले की हरीच कर्जतला जाऊन मास्तरांना भेटून आला होता. लहानपणी मास्तर खाडीकाठी मचवे बांधणाऱ्यांकडे राबले होते, हे त्याने कुठेतरी ऐकले होते.

तुळसाने मास्तरांना बसायलाही सांगितले नाही. "बघा काय बघायचं ते. पर माझा माणूस त्यात पाय ठेवनार नाय. ठेवला तर मी घरात नाय."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मीही आज कोणाला बसा म्हणणार नाही."

मास्तरांच्या कामाची रीत मी त्या दिवशी पाहिली. पुढे अनेकदा पाहिली. ते आधी काय नाही ते एकेक बाजूला काढतात. त्यांनी होडी सुलटी करून दोन ओंडक्यांवर ठेवायला लावली आणि तिच्यात घागरींनी पाणी भरवले. मग खाली वाकून एकेक सांधा पाहिला. बाहेर थेंबही आला नाही. ते मला म्हणाले, "गळत नाही. तुमच्या भावाचं सांधकाम फार चांगलं आहे."

दादा गेल्यापासून त्याच्या कामाबद्दल कोणी बोललेला तो पहिला चांगला शब्द. मी दुसरीकडे पाहिले.

मग त्यांनी नाळेतला दगड आणि बसायची फळी काढून होडी रिकामी पाण्यात सोडली. बांबूच्या काडीने दोन्ही टोके मोजली. पुढे दीड वीत पाण्याबाहेर होती, मागे वीतभरही नाही. म्हणजे दोष ओझ्याचा नव्हता. त्यांनी टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून आकार पाहिला. तो दोन्ही अंगांना सारखा होता. प्रत्येक फळीची जाडी अंगठ्याने पाहिली. तीही सारखी होती. तेव्हा ते थोडा वेळ काठावर नुसतेच बसून राहिले. हरीने विचारले, "काय झालं मास्तर, दमलात?"

"नाही रे. आता फक्त लाकूड राहिलं."

ह्याच लाकडाची एखादी फळी उरली आहे का, असे त्यांनी मला विचारले. आमच्या वळचणीला एक होती. ती मी आणली. मास्तरांनी तिची लांबी दोरीने मोजली, मध्यावर कोळशाने रेघ मारली आणि तो मध्य बरोबर एका गोल वाशावर टेकवला. हात सोडताच फळी एका बाजूला कलली. ती बाजू बुडख्याची होती. ऐनाचा बुडखा दगडासारखा जड असतो आणि शेंड्याकडे तेच लाकूड हलके होत जाते.

मग मास्तर होडीभोवती फिरले. ओल्या बोटाने घासून त्यांनी प्रत्येक फळीच्या गाठी आणि रेषा पाहिल्या. ते मोजत होते. अकरापर्यंत मोजून थांबले. अकराच्या अकरा फळ्यांचे बुडखे होडीच्या मागल्या अंगाला होते.

"एका फळीचा फरक काही नाही," ते म्हणाले. "पण अकरांचा फरक एकाच बाजूला आला. असं त्यांनी का केलं असेल?"

मी त्यांना आमचा नियम सांगितला.

"आणि हा नियम त्यांना कोणी शिकवला?"

"बाबांनी."

मास्तरांनी फळी वाशावरून उचलली आणि हळूच खाली ठेवली.  परत येताना वाटेत ते एकदाच बोलले, "तुमच्या वडिलांना भेटल्याशिवाय मला जाता येणार नाही. काय बोलायचं ते मात्र मला ठाऊक नाही."

त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर झालेले बोलणे मला शब्दन् शब्द आठवते. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मास्तर त्यांच्यासमोर खालीच बसले.

"तात्या, मी सगळी होडी पाहिली. तुमच्या मुलानं एकही लाकूड उलटं घातलेलं नाही."

बाबांनी मान वर केली. "नीट पाहिलंत?"

"अकराच्या अकरा."

 बाबांचा चेहरा सैल झाला. मास्तर तिथेच थांबले असते तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले. ते थांबलेही होते. पण बाबा चाळीस वर्षे सुतार होते. त्यांनी विचारले, "मग बुडली कशी?"

"नाळेतल्या दगडानं."

"दगड कशाला घातला?"

"मागं बसत होती म्हणून."

"मागं का बसत होती?"

 खोटे मास्तरांना बोलता येत नव्हते आणि खरे बोलवत नव्हते. बाबा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहून म्हणाले, "सगळे बुडखे मागं?"

"हो, तात्या."

आत माझी आई भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबलेला मी ऐकला.

मास्तर म्हणाले, "तात्या, तुम्ही शिकवलंत ते घरासाठी शिकवलंत. घरासाठी ते बरोबरच आहे. पाण्याचं तुमच्या मुलाला मी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं कर्जतला राहून मी चार मुलांना घेऊन वर्ग चालवला. ह्या बाजूला कोण काय बांधतो ते कधी येऊन विचारलं नाही. तेवढी चूक माझी धरा."

ज्या माणसाचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, त्याने ती चूक बाबांबरोबर वाटून घेतली. मास्तरांच्या मोठेपणाबद्दल या ग्रंथात पुष्कळ लिहिले जाईल. मला त्यांचा मोठेपणा म्हटला की हे वाक्य आठवते.  बाबा उठून आत गेले. मास्तर खालापूरच्या देवळात मुक्कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर, हरी आणि मी नदीवर होडीच्या फळ्या सोडवायला बसलो. पाच फळ्या काढून फिरवायच्या होत्या, म्हणजे वजन दोन्हीकडे वाटले जाणार होते. तुळसा म्हणाली, "उलटं लाकूड घालता? एक मानूस गेला तो पुरं नाय झाला?" हरीसुद्धा बिचकला. खरे सांगायचे तर माझाही हात पुढे होत नव्हता. लहानपणापासून अंगात मुरलेली भीती एका वाशावर फळी टेकवून जात नाही.

तेव्हा करंजाच्या मागून बाबा आले. त्यांच्या खांद्यावर दादाची हत्यारांची थैली होती. ते बसले, पटाशी काढली आणि पहिली फळी सोडवली. ती उचलून टोकाला टोक फिरवताना त्यांचे हात थांबले. फळी जड होती, एकट्याने फिरवण्यासारखी नव्हती. सवयीने ते म्हणाले, "विष्णू, धर रं तिकडनं."

मी जाऊन दुसरे टोक धरले. बाबांनी फळी फिरवली आणि जागेवर बसवली.

ते काम आठ दिवस चालले. फिरवलेल्या फळ्यांच्या कडा पुन्हा तासाव्या लागल्या. दोन जागी नवे तुकडे घालावे लागले. मास्तर रोज देवळातून येत आणि बाबांच्या हाताखाली असल्यासारखे काम करीत. बाबा "वाकस द्या" म्हणाले की ते तासायचे हत्यार उचलून देत. या आठ दिवसांत त्यांनी बाबांना एकही गोष्ट शिकवली नाही. जे करायला हवे ते बाबांनीच करावे, एवढी जागा ते प्रत्येक वेळी ठेवीत.

होडी पाण्यात सोडली तेव्हा ती सरळ राहिली. काडीने मोजली तर दोन्हीकडे अर्ध्या बोटाचाही फरक नव्हता. हरी चढायला निघाला, तर तुळसाने त्याचे मुंडासे मागून धरले. "आदी मास्तरांना बसू दे."

"मला पोहता येत नाही, बाई," मास्तर म्हणाले.

"मंग तर बसाच!"

सगळे हसले. त्या तीन-चार आठवड्यांत मी प्रथमच कोणाचे हसणे ऐकले. मास्तर धोतर सावरून चढले आणि होडीच्या मागल्या टोकाला, दादा बसला होता त्याच जागी, जाऊन बसले. हरीने वल्हे मारले. डोहाच्या मध्यापर्यंत जाऊन ते परत आले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते म्हणाले, "चांगली आहे." मी वळून पाहिले तर बाबा निघून गेले होते.

त्यानंतर मास्तर दरवर्षी कार्तिकात कुंभिवलीला येऊ लागले. होडी पाहायला येतो, असे म्हणत. होडी पाहायला त्यांना घटकाभर लागे आणि उरलेला दिवस ते बाबांबरोबर ओटीवर बसत. दोघे लाकडाबद्दल बोलत, नाहीतर गप्प असत. बाबा त्या दिवशी आईला ओटी सारवून ठेवायला सांगत. दुसऱ्या कोणासाठी त्यांनी असे सांगितलेले मला आठवत नाही.

मास्तर माणसाची पारख कामावरून करतात. डोंगरातल्या आदिवासी वाडीवरचा कानू ठाकूर त्यांच्या वर्गाला लाकूड पुरवायचा. मास्तर त्याला आपल्या शेजारी बाकावर बसवून, झाड कोणत्या अंगाला वाढले होते, ऊन कुठून लागत होते, हे विचारून घेत. कर्जतच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी त्यावरून नाक मुरडले. मास्तर त्यांना म्हणाले, "मला फळी कळते, झाड ह्याला कळतं. तुम्हाला त्यातलं काही कळत असेल तर तुम्हीही बसा." ते गृहस्थ बसले नाहीत. माझी बदली कडावच्या शाळेत झाली तेव्हा तिथली बाके डगमगत होती. मी मास्तरांना सहज पत्रात लिहिले. ते येऊन दिवसभर जमिनीवर बसून ती नीट करून गेले आणि "मुलांना सांगू नका, त्यांना वाटेल मोडली तरी कोणीतरी येतो," असे म्हणाले.

त्यांच्या वर्गात होडीचा एक धडा असतो, हे त्यांचे सर्व विद्यार्थी जाणतात. फळी वाशावर टेकवून ते तोल दाखवतात आणि म्हणतात, "एका चांगल्या सुतारानं एकदा होडी बांधली." तो सुतार कोण, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. मुलांनी विचारले तरी नाही. याचे कारण असे की होडी तयार झाली त्या आठवड्यात बाबांनी त्यांच्याजवळ एकच मागणे मागितले होते, "मुलांना सांगा, पण नाव नको." मास्तरांनी ते इतकी वर्षे पाळले.

बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना फार बोलवत नव्हते. एका दुपारी मी पाणी पाजत असताना ते म्हणाले, "मी माझी लाज झाकली, नारायणा. त्यात त्याचं नाव झाकलं गेलं. मास्तरांना सांग, आता घ्या म्हणावं नाव."

हा निरोप द्यायला मी दोनदा कर्जतला गेलो. दोन्ही वेळा पावसापाण्याचे बोलून परत आलो. समोर बसून मला ते सांगता आले नाही. म्हणून या ग्रंथासाठी लिहायला मी हो म्हटले.

मास्तर, बाबांनी तुम्हाला त्या शब्दातून मोकळे केले आहे. पुढच्या वेळी होडीचा धडा येईल तेव्हा मुलांना सांगावे की ही होडी कुंभिवलीच्या विष्णू धोंडू सुताराने बांधली, तिचा एकही सांधा गळला नाही आणि त्याला जे शिकवले गेले ते त्याने अकराही फळ्यांत पाळले. चूक कुठे होती तेही सांगावे. दादाला ते आवडले असते.

हे नाव अनेक मुलांनी तुमच्या तोंडून ऐकावे, यासाठी तुम्हाला भरपूर वर्षे मिळोत. तुमचे गुडघे कर्जत ते कुंभिवलीची वाट चालत राहोत, हात थरथरू नयेत, डोळ्यांना लाकडाची रेघ दिसत राहो. आणि त्या धड्याच्या दिवशी मला एक पत्र टाकावे. मी मागल्या बाकावर येऊन बसेन.